राजाची अडीच घरं

मुलांनो, समजा तुम्ही एका पटाशेजारी बसला आहात. खेळायला नाही, नुसतं बघायला. पट कापडाचा आहे, मोहरे लाकडाचे, एका बाजूला लाल आणि एका बाजूला हिरवे. दोन मुलं समोरासमोर मांडी घालून बसली आहेत आणि तुमचं काम एवढंच, की त्यांच्या हातांकडे बघत राहायचं. आता समजा, बराच वेळ सगळं नीट चाललं आहे, आणि एकदम दोन्ही मुलं माना वर करून तुमच्याकडे बघतात. त्यांना तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे: तुम्ही काय पाहिलं. आणि तुमच्या लक्षात येतं, की आपण काहीच पाहिलेलं नाही. तेव्हा कसं वाटेल, ते जरा मनात आणून बघा. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तळव्याला एकदम फरशीच लागावी, तसं काहीतरी. अरुंधतीबाईंना तसं झालं. रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला, पनवेलच्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, पन्नास-साठ माणसांच्या देखत. बाईंचं वय एकाहत्तर. त्यातली छत्तीस वर्षं त्यांनी मुलांना गणित शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यापासून त्या दर रविवारी इथेच मुलांना बुद्धिबळ शिकवत होत्या. बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही, असं गावात सगळे म्हणत. बाईंनाही आजवर तसंच वाटत होतं.

"बाई, तिचा राजा अडीच घरं उडाला," शार्दूल म्हणाला. आवाज चढवून नाही. तो आवाज चढवणारा मुलगाच नव्हता. "पण तिला आता उडता येत नाही. मी मघाशीच शह दिला होता, उंटाने. मग तिने मधे प्यादं घातलं."

समोरची मुलगी, भाविका, पटाकडे बघतच म्हणाली, "उंट आला तवा प्यादा तितंच होता. मी मागनं नाय घातला."

भांडण एवढंच होतं. आज आपण जे बुद्धिबळ खेळतो त्यात राजाला लपायला किल्लेकोट असतो. आपल्याकडच्या जुन्या खेळात तो नव्हता. त्याऐवजी सबंध डावात एकदाच राजाला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई. अट एक, की तोवर त्याला एकदाही शह लागलेला नसावा. एकदा शह लागला की ती उडी गेली ती गेली. मग राजाने आपलं एकेक घर चालत राहायचं. आता पट बघा. हिरवा उंट कडेच्या घरात बसलेला. तिथून तिरपी रेघ ओढली तर ती थेट लाल राजाच्या मूळ घरात जाते, आणि त्या रेघेत मधोमध एक लाल प्यादं. उंट आधी आला असेल आणि प्यादं नंतर, तर शह लागला होता. प्यादं आधी आलं असेल आणि उंट नंतर, तर नव्हता लागला. पट दोन्ही वेळी सारखाच दिसतो. पटाला आधी आणि नंतर कळत नाही. ते कळायला कोणीतरी बघत असावं लागतं.

आणि बाई बघत होत्या. निदान त्यांचे डोळे उघडे होते. चष्मा नाकावर होता, पाठ ताठ होती, हात मांडीवर होते. बाहेरून बघणाऱ्या कुणालाही वाटलं असतं, की पंच असावा तर असा. पण चौथ्या-पाचव्या चालीपासून ते आत्ता शार्दूलने बोट वर करेपर्यंत मधे जे काही झालं, त्याच्या जागी त्यांना आत चाचपून बघितल्यावर फक्त भाविकाची बोटं सापडत होती. अकरा वर्षांच्या मुलीची बोटं, नखांच्या कडांना मिठाने उललेली, प्यादं उचलताना ते चिमटीत न धरता ओंजळीतून खाली सोडल्यासारखं ठेवणारी. त्या बोटांवरून बाई कुठे निघून गेल्या होत्या ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या अठराशे अठ्ठ्याऐंशीत गेल्या होत्या. जाताना मधे कुठे पेंग आली होती का, हे मात्र ठाऊक नव्हतं. आली असेल. दुपारी वाचनालयाच्या चिटणीसांनी, महादेवरावांनी, आग्रहाने दुसऱ्यांदा वाढलेला मसालेभात आठवला आणि स्वतःचीच चीड आली. मग वाटलं, भाताला कशाला दोष द्यायचा. गेल्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून आपण गॅलरीत अर्धा तास उभ्या होतो. तेव्हा कुठे मसालेभात खाल्ला होता.

ते अठराशे अठ्ठ्याऐंशी साल एका वहीत होतं. वाचनालयाचं जुनं लोखंडी कपाट हलवताना मागे पडलेली, कसर लागलेली, मोडी आणि बाळबोध मिसळून लिहिलेली वही. तीन महिने बाई भिंग घेऊन तिच्यात बसल्या होत्या. त्या वर्षी पनवेलला नऊ दिवस बुद्धिबळाचा सामना झाला होता, सगळ्या बंदरपट्टीचा. उरण, पेण, अलिबाग, कर्जत, खालापूर, इथून खेळणारे आले होते. कोणी होडीने भरतीबरोबर खाडीतून वर आले, कोणी बैलगाडीने. भाताच्या एका रिकाम्या वखारीत सतरंज्या घातल्या होत्या. वही लिहिणारा स्वतःच पंच होता. त्याने कोण किती वेळ विचार करत बसला, कोण तंबाखूसाठी उठला, कोणाची होडी ओहोटीत अडकली म्हणून डाव दुसऱ्या दिवशी ढकलला, सगळं टिपलं होतं. पण एकाही डावाच्या चाली लिहिल्या नव्हत्या. पहिल्याच पानावर त्याने बजावून ठेवलं होतं: चाली लिहू नयेत, पंचाची नजर हीच नोंद. बाईंना ते वाक्य फार आवडलं होतं. इतकं आवडलं, की त्याच सामन्याची आठवण म्हणून मुलांची स्पर्धा जुन्या नियमांनी भरवायचं ठरलं तेव्हा त्यांनी सकाळी ते खडूने फळ्यावर लिहिलं, आणि चाली लिहायला आणलेल्या वह्या आणि पेनं मुलांकडून काढून घेऊन खाली चपलांच्या मांडणीवर ठेवायला लावली. शार्दूलला वही नसल्यावर हात कुठे ठेवावा कळेना. तीन वर्षांत त्याने चाल लिहिल्याशिवाय चाल केली नव्हती, आणि ती सवय बाईंनीच लावली होती. तो तेव्हा म्हणाला होता, "बाई, विसरलो तर?" आणि बाई हसून म्हणाल्या होत्या, मी आहे ना.

मी आहे ना. आता ते तीन शब्द गोमाशीसारखे कानाशी फिरत होते.

वहीत शेवटच्या दिवसाची नोंद सगळ्यात छोटी होती. शेवटच्या डावात कचेरीतले एक कारकून आणि ओवे गावचा काळूराम, मिठागरात काम करणारा, समोरासमोर बसले. राजाच्या अडीच घरांवरून तंटा झाला. पंचांनी निकाल दिला. काळूराम पट न आवरता उठून गेला. एवढंच. निकाल बरोबर होता की चूक, काळूरामाचं म्हणणं काय होतं, काही नाही. ज्या माणसाने तंबाखूसाठी उठलेल्यांची नावं लिहिली त्याने इथे तीन ओळींत पान संपवलं होतं. बाई त्या तीन ओळींपाशी कितीतरी दिवस अडखळत होत्या. आज भाविकाची बोटं बघताना त्यांना एकदम काळूरामाची बोटं दिसली. मिठागरात उभा जन्म गेलेल्या माणसाची बोटं अशीच उललेली असणार. मग वखारीतला तांदळाच्या कोंड्याचा वास आला, बघ्यांची गर्दी आली, पागोटी आली, लोडाला टेकलेला पंच आला. पंचाचा चेहरा काही केल्या दिसेना, म्हणून बाई आणखी वाकून बघायला लागल्या, आणि त्या तशा वाकलेल्या असतानाच इकडे शार्दूलचा उंट आला, किंवा भाविकाचं प्यादं आलं. दोघांतलं एक आधी आलं.

"शह असं म्हणालास का तू, मोठ्याने?" बाईंनी विचारलं. वेळ काढायला विचारलं, हे त्यांचं त्यांना कळलं.

शार्दूल म्हणाला, म्हणालो होतो, पण हळू. आणि तेव्हाच वरून विमान गेलं. खरंच गेलं होतं एक. नवीन विमानतळ झाल्यापासून ती इतकी खालून जातात की खिडकीची तावदानं थरथरतात, आणि मागे बसलेली लहान मुलं अजूनही प्रत्येक वेळी उठून खिडकीकडे पळतात. विमान गेल्याचं बाईंनाही आठवत होतं. आवाज म्हणून नव्हे, पायाखाली आलेली थरथर म्हणून. त्या थरथरीच्या आधी की नंतर?

दोन्ही मुलांकडे त्यांनी पाळीपाळीने पाहिलं. शार्दूल खोटं बोलत नव्हता. एकदा घरच्या डावात बाईंनी चुकून स्वतःचा हत्ती फुकट ठेवला तेव्हा हाच मुलगा, बाई, बघा जरा, असं म्हणून थांबला होता. आणि भाविकाही खोटं बोलत नव्हती, कारण खोटं बोलणारं माणूस समोरच्याकडे बघतं आणि ही मुलगी पटाकडे बघत होती. दोघांनाही आपलं खरं वाटत होतं. अशा वेळी तिसरं माणूस लागतं, म्हणून तर तिसऱ्या माणसाला मधे बसवतात.

त्यातून बाईंना या मुलीबद्दल काय वाटतं, हे बाईंनी अजून स्वतःशीसुद्धा नीट कबूल केलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शाळांच्या स्पर्धेत ही मुलगी करंजाहून आली होती आणि पाचही डाव हरली होती. दर डावात तिचा राजा कधीतरी अडीच घरं उडे, पंच येऊन तो परत ठेवायला लावी, आणि मग तिचा डाव कोसळे. मुलं हसत होती. बाई एकट्या हसल्या नव्हत्या, कारण तोवर ती उडी त्यांनी फक्त ऐकली होती, कुणाला मारताना पाहिली नव्हती. विचारल्यावर कळलं, की तिला आज्याने शिकवलं, बोटीवर, भरतीची वाट बघताना. आज्याला त्याच्या आज्याने. बाईंच्या अंगावर काटा आला होता. तेव्हापासून ती दर रविवारी येत होती. पुढे वही सापडली आणि जुन्या नियमांच्या स्पर्धेची कल्पना निघाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं बाईंना इतिहासाची हौस. हौस होतीच. पण आत कुठेतरी हेही होतं, की एकदा तरी या मुलीच्या राजाला उडू द्यावं.

आणि तिची आई, दमयंती, आत्ता दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. करंजाच्या बंदरावर पहाटेच्या लिलावात मासळी घ्यायची आणि टेम्पोने पनवेलच्या बाजारात आणून विकायची, हे तिचं काम. तीन आठवड्यांपूर्वी ती जिना चढून वर आली होती, पाटी खाली दुकानदाराकडे ठेवून, आणि उभ्याउभ्याच बाईंना तिने सांगितलं होतं, की ऐतवार म्हणजे तिच्या धंद्याचा दिवस, हाताखाली पोरगी लागते, दोन वर्सं सोडली तिला. "आता या खेपंला पयली आली, तर मी काय बोलनार नाय, येऊद्यात दर ऐतवारी. नाय आली, तर मंग माज्या बाजूला बसंल. तुमीच पंच हाव, तुमीच बगा." बाईंना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. उलट हुशार बाई आहे असं वाटलं होतं; निकाल पटावर सोडला म्हणजे घरात भांडण नको. हा स्पर्धेतला शेवटचा डाव होता, आणि आता तो निकाल पटावर नव्हता. उडी धरली तर भाविकाचा राजा सुटत होता आणि शार्दूलचा सगळा जोर फुकट जात होता. उडी रद्द केली तर लाल राजा हत्तीच्या आणि वजिराच्या मधे सापडलेला होता. बाईंना तरी त्यातून वाट दिसत नव्हती. म्हणजे भाविकाचे रविवार आता बाईंच्या जिभेवर होते. आधी की नंतर, एक शब्द. कुठलाही शब्द म्हटला तरी कोणी हूं की चूं करणार नव्हतं. फळ्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

एक शब्द त्यांनी पूर्वी एकदा म्हटला होता. एकोणीसशे एकोणनव्वद साल असेल. सातवीचा वर्ग. बळीराम नावाचा मुलगा, डोंगराकडच्या वाडीतला, पावसाळा संपला की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारा. वर्षातले चारच महिने शाळेत. घटक चाचणीत त्याने दहाच्या दहा उदाहरणांची उत्तरं बरोबर लिहिली आणि एकाचीही रीत लिहिली नाही. नुसती उत्तरं, एकाखाली एक, विटा रचल्यासारखी. बाई तेव्हा पस्तिशीच्या होत्या आणि रीतीवर त्यांचा फार भर असे. त्यांनी त्याला उभं केलं. कुणाचं बघून लिहिलंस, म्हणून विचारलं. तो म्हणाला, कुनाचा नाय. डोक्यात येते. वर्ग हसला. आणि बाई म्हणाल्या, मी पाहिलं तुला शेजारच्याच्या वहीत डोकावताना. त्यांनी पाहिलं नव्हतं. चाचणीच्या वेळी त्या खिडकीशी उभ्या राहून पुढच्या वर्गाच्या वह्या तपासत होत्या. पण ते वाक्य इतकं सहज आलं, वर्गात शांतता करायला टेबलावर डस्टर आपटावं तसं, की तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते खरंच वाटायला लागलं होतं. बळीरामने बाईंकडे पाहिलं, रागाने नाही, नवल वाटल्यासारखं पाहिलं. माणूस असं कसं पाहू शकतं जे झालंच नाही, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्या आठवड्यातच दिवाळीची सुट्टी लागली आणि सुट्टीनंतर तर तो एरवीही भट्टीवर जायचाच. पुढच्या जूनला आला नाही. तो बाईंच्या त्या वाक्यामुळे आला नाही, की भट्टी लांबची मिळाली म्हणून आला नाही, हे कळायला काही मार्ग उरला नाही. बाईंनी तेव्हा भट्टीचं कारण धरलं. ते सोयीचं होतं. छत्तीस वर्षं त्यांनी ते धरून ठेवलं होतं, आणि तरी कधी रस्त्याने विटांचा ट्रक गेला की त्या तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहत.

महादेवराव कधी शेजारी येऊन टेकले ते बाईंना कळलं नाही. त्यांच्या हातात माईक होता, बंद केलेला, आणि कपाळावर घाम. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे खाली गाडीत बसल्यात जमा आहेत, ते कुजबुजले, त्यांना पुढे कामोठ्याला अजून एक कार्यक्रम आहे. "तुम्ही म्हणाल ते, बाई. कोण विचारणार आहे? पटकन सांगा आणि मोकळ्या व्हा." ते वाईट माणूस नव्हते. तीन महिने बाईंच्या वहीसाठी त्यांनी कीटकनाशकाच्या गोळ्या स्वतःच्या पैशांनी आणल्या होत्या. बाईंना आपलं तोंड उघडताना जाणवलं. डोक्यात शब्द तयारच होता. प्यादं आधी आलं. मुलगी खरं बोलते आहे, मी पाहिलं. किती सोपं होतं ते. चांगलंही होतं. करंजाची एक मुलगी वाचली असती, ओव्याच्या एका माणसाला उशिरा का होईना न्याय मिळाला असता, आणि शार्दूल काय, त्याला घर आहे, आईवडील आहेत, पुढच्या रविवारी पुन्हा वर्ग आहे. एका बाजूला सगळं चांगलं, आणि दुसऱ्या बाजूला फक्त एवढंच, की मी पाहिलं नाही. बाईंनी शार्दूलकडे पाहिलं. तो वाट बघत होता. त्याची त्यांच्याबद्दल इतकी खात्री होती, की निकाल विरुद्ध गेला असता तर त्याने स्वतःच्याच आठवणीवर शंका घेतली असती. आपण चुकलो असं मनाशी धरून तो घरी गेला असता. पुढे कधी एखादी गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहूनही त्याला वाटलं असतं, आपल्याला भास झाला असेल. बळीरामचं तेच तर बघणं होतं. बाईंना एकदम बसवेना. त्यांनी मांडी मोडली, एक पाय पुढे घेतला, पुन्हा मागे घेतला, पदर सारखा केला. सगळी खोली त्यांच्या हालचालीबरोबर हलल्यासारखी वाटली.

"मी पाहिलं नाही," बाई म्हणाल्या.

महादेवरावांना वाटलं बाई म्हणाल्या, की शह पाहिला नाही, म्हणजे उडी खरी; ते माईक चालू करायला लागले. बाईंनी त्यांचा हात धरला.

"शह होता की नव्हता, ते मला माहीत नाही. माझं लक्ष नव्हतं. मी इथे बसले होते, पण माझं मन दुसरीकडे गेलं होतं. झोपही लागली असेल. हा निकाल मला देता येत नाही."

मागे खुर्च्या करकरल्या. कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. महादेवराव खालच्या आवाजात म्हणाले, की बरोबरी देऊन टाकू, दोघांना अर्धा अर्धा करंडक, काय बिघडतं. शार्दूलचा चेहरा मात्र बघवत नव्हता. रागावला नव्हता तो. बाईंना पहिल्यांदाच बघत असल्यासारखा तो बघत होता. दारातून दमयंतीचा आवाज आला. "मंग तुमाला मदी बसवलाय कशाला, बाई?" ती म्हणाली. "माजा गिऱ्हाईक सोडून मी हितं उभी हाय सकालपासून. मी तराजूवरनं नजर काढली तर गिऱ्हाईक माज्या पाटीत हात घालील." त्यात ओरडणं नव्हतं. बाजारात दुसऱ्या मासळीवालीला सांगावं तसं, एका काम करणाऱ्या बाईने दुसरीला सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, खरं आहे तुमचं. त्यांना हलकं वाटायला हवं होतं, असं कुठेतरी वाचलेलं होतं. तसं काही वाटलं नाही. उलट डाव्या कानात बारीक शिट्टी वाजत होती. पंच पंच म्हणून जे काही गावाने इतकी वर्षं त्यांच्या अंगावर घातलं होतं, ते उतरल्यावर खाली नुसती एक म्हातारी बाई सतरंजीवर बसली होती, आणि तिला उठायलाही कुणाचा तरी हात लागणार होता.

तेवढ्यात पटावर खडखड झाली. भाविकाने दोन्ही हातांनी सगळे मोहरे एका बाजूला ओढले होते. महादेवराव अगं अगं म्हणेपर्यंत तिने लाल हत्ती कोपऱ्यात ठेवला, त्याच्या शेजारी घोडा, मग उंट. लाल बाजू झाल्यावर तिने शार्दूलकडे पाहिलं. मग शार्दूलनेही हिरवी बाजू लावायला घेतली. पट पहिल्यासारखा झाला. "पयल्यापासनं करू," ती त्याला म्हणाली. "मी चुकले तर बोल. तू चुकलास तर मी बोलीन." आणि बाईंकडे न बघताच म्हणाली, "तुमी बगा आता."

बाई बघायला लागल्या. लाल प्यादं एक घर. हिरवं प्यादं एक घर. तिसऱ्या चालीला शार्दूलने घोडा उचलला तेव्हा ती नाही म्हणाली, आधी दुसरं प्यादं. त्याने आठवून मान डोलावली. सहाव्या चालीला त्याने तिला अडवलं. मुलं अशी एकमेकांच्या डोक्यातून चाली काढून पटावर ठेवत होती, अंधाऱ्या खोलीत दोघांनी मिळून जिना चाचपावा तशी. खोलीतलं कोणी हललं नाही. खाली गाडीचा हॉर्न दोनदा वाजला आणि महादेवराव खिडकीशी जाऊन हातानेच थांबा म्हणाले. दमयंती चौकट सोडून दोन पावलं आत आली. दहावी चाल झाली. अकराव्या चालीला भाविकाने एक घोडा मागे घेतला. शार्दूल बोलला नाही. त्याने हिरवा उंट उचलला आणि सरकवत सरकवत कडेच्या घरात नेऊन ठेवला, आणि हात काढून घेतला.

तिरपी रेघ मोकळी होती. राजापर्यंत काहीच नव्हतं. प्यादं अजून मागच्याच घरात होतं.

बाईंनी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. भाविका त्या रेघेकडे बघत राहिली. मग ती घोड्याकडे बघून मनातल्या मनात काहीतरी मोजायला लागली, ओठ हलवत; आधीच्या चाली उलट्या चालून बघत होती. मधे कुठे प्यादं बसतं का, ते तिने दोनदा शोधलं. नव्हतं बसत. तिचा चेहरा कानापर्यंत तापला. बाईंच्या मनात आलं, की काहीतरी बोलावं, तिला सोडवावं, म्हणावं की एवढं काही नाही; आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले, कारण आत्ता त्यांचं काम बघण्याचं होतं.

"शह होता," भाविका म्हणाली. दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

मग तिने प्यादं पुढे करून मधे घातलं. पुढच्या चाली दोघांनी भराभर केल्या, पंधरावी, विसावी, पंचविसावी, आणि डाव पुन्हा तिथे आला जिथे तो मोडला होता. लाल राजा आपल्या घरी, समोरून हत्ती, बाजूने वजीर. सव्विसावी चाल तिची होती. तिने राजाला बोट लावलं नाही. शार्दूल तिच्याकडे बघत होता. महादेवराव बाईंकडे बघत होते, आता तरी निकाल सांगा अशा नजरेने. दमयंती पाटीची चुंबळ हातात पिळत उभी होती. भाविकाने दोन्ही कोपर गुडघ्यांवर रोवले, उललेली बोटं केसांत घातली, आणि पटावर इतकी वाकली की तिच्या कपाळाची सावली लाल राजावर पडली. आणि ती दुसरी चाल शोधू लागली.